जमिनीच्या पोटात काय घालताय?

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात, त्या जुन्या भुयारी पाणीयोजनेत, लिफ्टने खाली उतरले की हात आपसूक भिंतीकडे जातो. भिंत पांढरी, खडबडीत, ओलसर. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी वाटेत खडकातला चुना उचलते आणि बोगद्यात हवा लागताच भिंतीवर सोडून देते. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, शंभरेक कुंड्या खणून त्या आतून बोगद्यांनी जोडल्या. चारशे वर्षांत या चुन्याच्या थरांनी ते बोगदे ठिकठिकाणी अरुंद केले आहेत. हा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे दगडात बसलेला कार्बन.

हेच काम आता यंत्राने करायचे घाटते आहे. वीज केंद्राच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबायचा आणि खोल खडकात सोडायचा. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने साठवणुकीच्या जागांत बेसाल्टही धरला आहे. आपला काळा पत्थर. बुऱ्हाणपुरात आज असा प्रकल्प नाही. पण खंडव्याकडे २५२० मेगावॅटचे सिंगाजी, भुसावळजवळ दीपनगर, खरगोन जिल्ह्यात सेल्दा, अशी कोळशाची धुराडी आजूबाजूला आहेत आणि पायाखाली दख्खनचा पत्थर आहे. उद्या कोणी नकाशा घेऊन आले तर नवल नाही.

आइसलँडमध्ये २०१२ साली हेल्लिशेइदी इथे पाण्यात विरघळवलेला वायू बेसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक दगड झाला. मोठीच गोष्ट. मात्र टनभर वायूला साधारण २५ टन पाणी लागते. सिंगाजी पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला पन्नास हजार टनांच्या वर वायू निघेल. हिशेब आपणच करावा: रोज सव्वाशे कोटी लिटरहून अधिक पाणी. २०११ च्या जनगणनेत बुऱ्हाणपूर शहराची लोकसंख्या दोन लाख दहा हजार होती. माणशी शंभर लिटर धरले तर हे पाणी त्यांना दोन महिने पुरेल. पाण्याशिवाय नुसता वायू दाबूनही काम होते. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टनांवर तसा प्रयोग झाला. पण हजार टन आणि रोजचे पन्नास हजार टन यांत अंतर फार.

अशा प्रकल्पांना लोक विरोध करू लागले की अधिकारी म्हणतात, 'जनजागृती कमी पडली.' मला हे पटत नाही. नेदरलँड्समधले बारेनद्रेख्त हे रॉटरडॅमशेजारचे शिकले-सवरलेले गाव. तिथे शेल कंपनीला घरांखालच्या रिकाम्या वायूसाठ्यात कार्बन डायऑक्साइड भरायचा होता. रहिवासी अडून बसले आणि २०१० मध्ये सरकारला बेत गुंडाळावा लागला. त्यांना काय शिकवायचे राहिले होते?

आणि मध्य प्रदेशात तर 'गॅस' म्हटले की १९८४ चे भोपाळ आठवते. युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळायला जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेला, तेव्हा लोक रस्त्यावर आले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. चाळीस वर्षे कचरा भोपाळातच पडू देणाऱ्यांच्या शब्दावर कोणी एकदम विश्वास का ठेवावा? कार्बन डायऑक्साइड म्हणजे भोपाळचा वायू नव्हे, हे खरेच. तरी तो हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो, गुदमरवतो. मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ २०२० मध्ये त्याची पाइपलाइन फुटली. पंचेचाळीसच्या आसपास माणसे रुग्णालयात गेली, गाड्यांची इंजिने बंद पडली.

आमच्या पट्ट्यातला केळीवाला बोअर किती फुटांवर गेली यावर वर्षाचा हिशेब मांडतो. रावेर-यावलपासून बुऱ्हाणपूरपर्यंत भूजल उपसून उपसून खाली गेले, म्हणून तर १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने तापी महापुनर्भरणाचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात, जिथून कुंडी भंडाऱ्यालाही पाणी येते, तिथे पाणी मुरवायचे. वायू जाणार त्याच्या कितीतरी खाली, हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतील आणि ते बहुधा बरोबरही असेल. पण वायू सोडायच्या विंधन विहिरीचा पाइप त्याच पाण्याच्या थरातून खाली उतरणार ना? त्याभोवतीचे सिमेंट तीस वर्षांनी कोण तपासणार? बोअरचे पाणी बिघडले तर दाद कोणाकडे मागायची? हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. इंजिनिअरही हेच विचारतो.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. सिमेंट आणि पोलाद कारखान्यांना दुसरा मार्ग फारसा दिसत नाही. कोळशाची वीज मात्र सौर आणि पवन ऊर्जेने हटवता येते. तिचा धूर आमच्या पत्थरात पुरण्याची घाई मला संशयास्पद वाटते. तरीही कोणी आलेच, तर ग्रामसभा आधी आणि ड्रिलिंग नंतर. पहिले यंत्र लागण्यापूर्वी गावोगावच्या बोअरचे पाणी तपासून आकडे पंचायतीच्या फलकावर लावा, हिंदीत आणि मराठीत. जबाबदारी कोणाची, किती वर्षांची, तेही लिहून द्या. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशात साठा बंद केल्यावर साधारणपणे किमान वीस वर्षे ती कंपनीवर ठेवली आहे. आपल्याकडे या साठवणुकीसाठी अजून स्वतंत्र कायदाच नाही.