रानडुक्कर, तीरकामठा आणि पहिले शील



भातकापणी तोंडावर आली असताना श्रीवर्धन तालुक्यातील एका बौद्धवाडीत पौर्णिमेची वंदना झाली. पंचशील म्हणून झाले. मंडळी उठण्याच्या बेतात होती. इतक्यात एका तरुणाने विचारले, "गुरुजी, पहिले शील आत्ताच घेतले. पण काल रात्री डुकरांनी माझे अर्धे भात लोळवले. गावातले लोक तीरकामठा घेऊन रानात निघाले आहेत. मलाही बोलावणे आहे. जाऊ की नको?" मागून एक आजी म्हणाल्या, "आणि पोरांनी वर्षभर काय खायचं, तेही सांगा."

त्या रात्री मला पुरते उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो, कारण हा प्रश्न एका वाडीचा नाही.

प्रथम त्या भाताची किंमत ओळखा. कोकणात जमीन खोताची आणि घाम आपला, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. म्हणून ज्याच्या नावावर आज दहा गुंठ्यांचे खाचर आहे, त्याला ते नुसते शेत नाही. ते डुकराने रातोरात उकरून टाकले तर त्याच्या संतापाला हसू नये. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला अहिंसा शिकवणे हा धम्म नव्हे.

मग शील बाजूला ठेवायचे काय? नाही. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार फार स्वच्छ मांडला आहे. तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यज्ञात पशू कापणाऱ्यांच्या ठायी मारण्याची इच्छा होती. काही झाले तरी मारायचेच नाही, हे दुसरे टोक. तथागतांचा मार्ग मधला.

परंतु सावध राहा! 'गरज' हा शब्द फार सोयीचा आहे. शिकारीला निघालेला प्रत्येक जण तो खिशात घालूनच निघतो. त्याच ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणाची हकीकत आहे. मित्र शिकारीला बोलवत आणि वाघाला भितोस काय म्हणून चिडवत. तो म्हणे, तुम्ही वाघ मारायला जात नाही. हरणे-सशांसारखे निरुपद्रवी प्राणी मारायला जाता. आपला नेम तरी बघायला ये, असे म्हटले तरी तो जात नसे. गरजेच्या नावाखाली लपलेली हौस त्या मुलाने ओळखली होती.

आता तीरकामठ्याचे पाहा. बाण लागला म्हणजे डुक्कर जागीच पडते असे नाही. बाण रक्त वाहवून मारतो. नेम जरा चुकला की जखमी जनावर करवंदीच्या जाळीत शिरते आणि तासन्‌तास तडफडते. रक्ताचा माग काढत मागे जाणाऱ्यावर ते उलटतेही. हा बाण शेताच्या बांधावर सुटला की रानात आत जाऊन? ज्या डुकराने भात खाल्ले तेच हे, की दिसले ते? मांसाचे वाटे आधीच ठरले होते काय? या प्रश्नांची उत्तरे आपली आपणच द्यायची आहेत. तिथे भिक्खू नाही, गुरुजी नाही, पोलीस पाटीलही नाही.

गरज खरी असेल तर माणूस मारण्याआधी बाकीचे सारे करून पाहतो. पोरे मुंबईला गेली, शेते ओसाड पडली, त्यांत रान माजले आणि डुकरांना घर मिळाले. म्हणून बांधालगतचे रान साफ करणे हे पहिले काम. मग कुंपण. मग माळ्यावर बसून पाळीपाळीने राखण. नुकसान झाले तर वनखात्याकडे अर्ज, पंचनामा आणि भरपाई. एवढे करूनही भागले नाही तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमाखाली, उभ्या पिकाला धोका करणारे जनावर मारण्याची लेखी परवानगी मागता येते. परवानगीवाचून मारणे हा गुन्हा आहे. परवानगीने मारावे लागले तरी ते कमीत कमी वेदना देऊन आणि जड मनाने. त्याची मेजवानी होता कामा नये.

रानकुत्र्याची गोष्ट याहून बोलकी आहे. आपल्याकडे त्याला कोळसुंदा म्हणतात. इंग्रजी अमदानीत तो उपद्रवी ठरवला गेला आणि त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळे. तो खातो काय? हरणे, सांबरे आणि डुकरेसुद्धा! म्हणजे शेतकऱ्याचा राखणदारच माणसाने मारला. आज त्याला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. एखाद्या जातीला एकदा 'वाईट' ठरवले की तिला मारताना हात कापत नाही, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला हवे काय?

वाडीतले एक वृद्ध सांगतात, पूर्वी शिकार निघाली की हाका घालायला आपल्याच माणसांना बोलावणे येई. जाळीत आपण शिरायचे, धनुष्य-बंदूक दुसऱ्याच्या हाती, आणि वाटा मिळायचा तो शेवटचा. आज तोच गाव आपल्याला धनुष्य देऊ करतो, तेव्हा मान मिळाल्यासारखे वाटते. बंधूंनो, तो मान तपासून घ्या. मारणाऱ्यांच्या रांगेत जागा मिळावी म्हणून आपण धम्म स्वीकारलेला नाही.

तो तरुण गेला नाही. चार घरांनी मिळून माळा बांधला, पत्र्याचे डबे टांगले आणि रात्री वाटून घेतल्या. तरीही डुकरांनी थोडे भात नेलेच. अर्ज केला आहे, भरपाई अजून यायची आहे. शील पाळले म्हणून नुकसान टळले, असे मी सांगणार नाही. ते खोटे ठरेल. पण त्या माळ्यावर चार घरांतली माणसे रात्ररात्र एकत्र बसली. परवा आजींनी विचारले, "पुढच्या वर्षी आमच्या खाचरालाही माळा बांधाल ना?" त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले. पोरांनी काय खायचे, याची काळजी एका घराने एकट्याने करायची नसते.

जय भीम! नमो बुद्धाय!