पाईनचं देवघर

भिलाईच्या कारखान्यातून निघणारा रूळ सहसा रंग न लावताच रवाना होतो. अंगावर तांबूस गंज धरतो, माथा तेवढा चाकांखाली घासून चकाकत राहतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि गावाचा संसार या उघड्या पोलादावर उभा राहिला. घरातल्या लाकडाची गोष्ट मात्र वेगळी. नागपूर-गोंदियाकडून नोकरीसाठी आलेलं, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेलं मराठी कुटुंब निवृत्तीनंतर स्वतःचं घर बांधतं, त्यात देवघर करायला काढतं आणि सागाचा भाव ऐकून गप्प बसतं. मग सुतार सुचवतो, पाईन घ्या, पॉलिश मारलं की सागवान म्हणून खपून जाईल.

खपून जाईल, पण कुणापुढे? पाहुण्यांपुढे, की आत बसणाऱ्या देवापुढे?

हे पाईन दोन वाटांनी येतं. न्यूझीलंडचा ओंडका कांडला बंदरात उतरतो, गांधीधामच्या करवतींखाली चिरला जातो आणि देशभर पसरतो. दुसरी वाट जवळची. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात ती मोडली की फळ्या भंगारात विकल्या जातात. दोन्हीकडचं लाकूड हलकं, पिवळट, भराभर वाढलेलं.

आणि हट्टी. सागाचा रंग चढवायला गेलं की तो कुठे गडद, कुठे फिका उतरतो. याचं कारण झाडाच्या वाढीत आहे. हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला थर मऊ आणि मोकळा असतो, शेवटी वाढलेला दाट. कोऱ्या फळीवर दाट थराची रेघ गडद दिसते. स्टेन लावला की मऊ थर तो पिऊन टाकतो, दाट थर जवळजवळ नाकारतो, आणि सगळं चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं होतं. सागाचं सोंग घ्यायला लावलेलं पाईन सागासारखं दिसत नाहीच, वर स्वतःचा चेहराही घालवून बसतं.

म्हणून जाणता पॉलिशवाला घाई करत नाही. रंधा मारून झाला की १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०चा, रेघांच्या दिशेने. फळीच्या कापलेल्या टोकाला आणखी बारीक पेपर, कारण रंग सगळ्यात जास्त तिथेच मुरतो. त्यानंतर मेण काढलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक पातळ हात. गाठींवर दोन हात, नाहीतर राळ पुढे कधीतरी वर येऊन डाग धरते. त्यावर स्टेन फडक्याने लावायचा आणि जास्तीचा लगेच पुसून घ्यायचा. स्पिरिटमधला स्टेन खालची लाख पुन्हा विरघळवतो, तेव्हा इथे तेलातला बरा. हे सगळं आधी उरलेल्या तुकड्यावर करून पाहायचं. ज्याने हा तुकडा वाचवला त्याचं देवघर वाचलं.

यातल्या कोणत्या पायरीवर खोटेपणा सुरू होतो?

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, चौथ्या सूत्राच्या विवेचनात, संस्काराचे दोन मार्ग सांगितले आहेत: वस्तूत नवा गुण घालणं किंवा तिचा दोष काढणं. घासून उजळणाऱ्या आरशाचं उदाहरणही तिथेच येतं. चकाकी आरशाचीच, घासण्याने ती फक्त उघडी होते. मोक्ष यातल्या कोणत्याही संस्काराने मिळत नाही, असा आचार्यांचा निष्कर्ष आहे. पण देवघराला मोक्ष नको आहे, त्याला तेलवातीच्या धुरात पन्नास वर्षं उभं राहायचं आहे. त्यामुळे ही विभागणी सुताराच्या कामी येते. पॉलिश पेपर दोष काढतो, त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी. स्टेन गुण घालतो. यज्ञातही तांदळावर पाणी शिंपडून त्याला हविर्द्रव्याची योग्यता देतात, म्हणजे गुण घालणं हा काही अपराध नव्हे. फक्त शिंपडलेला तांदूळ तांदूळच राहतो, आपण दुसरंच काही असल्याचा दावा करत नाही.

इंग्लंडात कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ साली याच प्रश्नावर बराच संताप केला. ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मधल्या सत्यावरच्या प्रकरणात एका पदार्थावर दुसऱ्या पदार्थाचा देखावा रंगवणं त्याने फसवणुकीत काढलं. पण त्याच प्रकरणात त्याने एक शहाणी सूट ठेवली आहे. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा फसवणूक ठरत नाही, कारण तिथे भरीव सोनं असेल असं कुणी समजत नाही. दागिन्यावर तोच मुलामा फसवणूक ठरतो. थर एकच असतो, पाहणाऱ्याची समजूत वेगळी असते. रस्किनचं इतर कितीतरी आज पटणार नाही, हे मात्र पटतं.

आपल्याकडे याची सगळ्यात कडक साक्ष महाभारतात आहे, आणि तीही लाखेचीच. वारणावतात पांडवांना जाळण्यासाठी पुरोचनाने देखणं घर बांधलं होतं; भिंतींना लाख, राळ आणि तूप माखलेलं होतं. युधिष्ठिराने ते वासावरून ओळखलं. कुसुम आणि पळसाच्या फांद्यांवर किड्यांनी धरलेली तीच लाख आजही छत्तीसगडच्या रानातून गोळा होते. या उत्पादनात झारखंडनंतर याच राज्याचं नाव घेतलं जातं. पाईनच्या गाठी बंद करायला लागते ती हीच. दोष लाखेत नव्हता, पाहुण्यांना काय सांगितलं आणि काय लपवलं यात होता.

स्वस्त लाकूड देवाला चालतं का, ही शंका मात्र सोडून द्यावी. शेजारच्या ओडिशात पुरीचा जगन्नाथ कडुनिंबाच्या लाकडाचा आहे. २०१५ साली नवकलेवर (मूर्ती बदलण्याचा विधी) झालं तेव्हा नव्या मूर्तींसाठी पुन्हा निंबाचीच झाडं शोधली गेली, आणि त्या मूर्ती रंगवलेल्या असतात, सगळ्या जगाला दिसतील अशा. वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड निवडायचे नियम दिले आहेत, त्यात देवदार अगदी पहिल्या यादीत येतो. देवदार आणि पाईन एकाच कुळातले, दोघांनाही शंकूच्या आकाराची फळं. (त्या याद्या वर्णांनुसार केलेल्या आहेत, तो भाग आज कुणी पाळू नये.) वराहमिहिराची खरी काळजी दुसरीकडे आहे: झाड स्मशानातलं आहे का, त्याच्यावर वीज पडली आहे का. म्हणजे किंमत नव्हे, झाडाचं मूळ. तोडण्याआधी त्यावर वस्तीला असलेल्या भूतांना दुसरीकडे जायची विनंतीही करायची असते.

मुळाचा हा पुरावा खोक्याच्या पाईनवर आजही छापलेला असतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखी खूण, देशाचा संकेत आणि प्रक्रियेची अक्षरं उमटवावी लागतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. सुतार रंध्याच्या पहिल्या हातात हा शिक्का उडवून टाकतो. उडवू द्यावा, देवघराच्या दर्शनी फळीवर तो शोभणार नाही. पण बिलावर ‘सागवानी देवघर’ नव्हे, ‘पाईन, पॉलिशसह’ असं लिहून घ्यावं, आणि रंग सागाचा न मागता पाईनच्या रेघा दिसतील इतपत मधाळ मागावा. मागच्या फळीलाही बिनरंगाच्या लाखेचा एक हात द्यायला सांगावं, नाहीतर एकाच बाजूला पॉलिश झालेली फळी पावसाळ्यात वाकते.