निरुपयोगी कोणास म्हणावें?

गेल्या वैशाखांत पौडच्या पलीकडील एका वाडींतून एक गृहस्थ आमच्याकडे जुना संगणक घेऊन आले. चादरींत गुंडाळलेला, एके काळीं पांढुरका असलेला आणि आतां पिवळा पडलेला तो डबा त्यांनीं ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "वडिलांचा आहे. एकदां चालू करून पाहा. नाहीं चालला तर भंगारांत देतों." वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनीं हें यंत्र मुंबईच्या कोणा आप्ताकडून जुनेंच विकत घेतलें होतें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर तें माळ्यावर गेलें. सोबत अकरा फ्लॉप्यांचा एक खोका होता. ज्या वाचकांनीं ही वस्तु पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर हीं सवा पांच इंचांचीं काळीं चौकोनी पाकिटें असतात, आणि त्यांच्या आंत चुंबकीय लेप दिलेली एक पातळ तबकडी असते. प्रत्येक पाकिटावर मास्तरांच्या वळणदार अक्षरांत चिठ्ठी लावलेली होती. एकीवर 'शेतांचीं नांवें' असें लिहिलें होतें, दुसरीवर 'रिकामी'. या दोन चिठ्ठ्यांनीं आम्हांस ज्या प्रश्नांत गुंतविलें तो वाचकांपुढें मांडावा असें बरेच दिवस मनांत होतें.

"चालू करून पाहा" हे शब्द ऐकावयास जितके साधे, तितकेच करावयास धोक्याचे आहेत. तीस वर्षें स्वस्थ पडलेल्या यंत्रांतील कपॅसिटर सुकलेले असतात किंवा पाझरलेले असतात. तारीख-वेळ लक्षांत ठेवणारी लहानशी बॅटरी फुटून तिच्या क्षारानें तांब्याच्या रेषा खाऊन टाकलेल्या असतात. वीजपुरवठ्याच्या पेटींतील एखादा भाग बिघडला असेल तर भलताच दाब क्षणार्धांत सर्व चिपांवर जातो, आणि जें यंत्र केवळ निजलेलें होतें तें खरोखरच मरतें. म्हणून जाणता संग्राहक बटण दाबीत नाहीं. तो आधीं झांकण उघडतो, बॅटरी काढतो, वीजपेटी सोडवून तिची निराळी परीक्षा करतो, आणि तीही विजेच्या दिव्याशीं एकसरींत जोडून. आंत शॉर्ट असेल तर दिवा भक्कन् पेटतो आणि पेटी वांचते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांची ही युक्ति संगणकासही तितकीच लागू पडते. आमच्या तालुक्यांत मात्र या शत्रूंमध्यें आणखी एकाची भर आहे. ताम्हिणीच्या घाटांत जुलै २०२४ मध्यें एका दिवसांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा मुलुखांत चामड्याच्या वहाणेवर जशी बुरशी चढते तशीच ती फ्लॉपीच्या तबकडीवरही चढते. आणि फ्लॉपी वाचणारें डोकें तबकडीस प्रत्यक्ष घासून फिरत असल्यामुळें बुरशी आलेली फ्लॉपी वाचूं जाणें म्हणजे वाळू पसरलेल्या आरशावरून हात फिरविणें होय.

येथें कोणी विचारील कीं, इतका धोका असतां चालवून पाहण्याचा हट्ट कशासाठीं? वस्तु जपावयाची तर ती काचेआड ठेवावी. पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत दिवे आहेत, अडकित्ते आहेत, डॉ. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनीं ते आयुष्यभर गांवोगांव हिंडून जमविले. त्यांतील अडकित्ता आज सुपारी कातरीत नाहीं म्हणून तो अडकित्ता नव्हे असें कोणी म्हणणार नाहीं. हें खरें, परंतु अडकित्त्याचें कार्य त्याच्या आकारांतच दिसतें. बंद संगणक पाहून मात्र कांहींच दिसत नाहीं. त्याची जात तंबोऱ्याची आहे. मिरजेचा एखादा जुना तंबोरा खुंटीस टांगून ठेवला तर तो शोभेचा भोपळा होतो. त्यास जिवंत ठेवावयाचें तर तारा बदलाव्या लागतात, जवारी पुनः काढावी लागते, प्रसंगीं घोडीही नवी बसवावी लागते, आणि तरीही घराण्यांतील मंडळी त्यास 'आजोबांचा तंबोरा'च म्हणतात. परदेशीं या वादांत दोन्ही बाजूंनीं उदाहरणें आहेत. इंग्लंडांत १९५१ सालचें हार्वेलचें डेकाट्रॉन यंत्र बहुतांशीं मूळच्याच भागांनिशीं २०१२ मध्यें पुनः चालू करण्यांत आलें. उलट मँचेस्टरचें १९४८ चें 'बेबी' मोडून गेलें होतें म्हणून १९९८ मध्यें त्याची चालती प्रतिकृति उभारण्यांत आली. आमचें मत विचाराल तर, ज्या जातीचीं यंत्रें पुष्कळ उरलीं आहेत तीं खुशाल चालवावीं. एकच उरलें असेल तर त्यास हात लावण्यापूर्वीं त्याची प्रतिकृति करावी. पण हा वाद वाटतो तितका कठीण नाहीं. कठीण प्रश्न त्याच्या आड दडलेला आहे.

तो असा. एक जुनें यंत्र बहुधा दुसऱ्या जुन्या यंत्राच्या जिवावर उठतें. मास्तरांच्या संगणकाची वीजपेटी जळालेली निघाली, तेव्हां आम्हीं ती पुण्याच्या जुन्या बाजारांतून आणलेल्या दुसऱ्या एका डब्यांतून काढून बसविली. तो दुसरा डबा आम्हीं विकत घेतला तोच मुळीं 'भागांसाठीं'. संग्राहकांत हा शब्द इतका रुळलेला आहे कीं, त्यांत कांहीं निर्णय दडलेला आहे हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. हा जगावयाचा आणि तो याच्यासाठीं खर्ची पडावयाचा, हें ठरवितो कोण, आणि कशावरून?

बहुतेक वेळां तें आम्ही ठरवीतही नाहीं. ठरवून दिलेलें मुकाट्यानें घेतों. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत टेबलावरील संगणकाचें उपयुक्त आयुष्य तीन वर्षें आणि सर्व्हरचें सहा वर्षें धरलेलें आहे. हें हिशेबाचें आयुष्य आहे, यंत्राचें नव्हे. पण हिंजवडी ज्या तालुक्यांत आहे त्या आमच्या मुळशींत भंगाराच्या टेंपोंतून जाणाऱ्या कित्येक यंत्रांस याखेरीज दुसरा कोणताही आजार नसतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें मुंबईस स्वतःच्या हिमतीवर बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्यें कामास लागला, १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें बारसें केलें, आणि १९६४ मध्यें परदेशी सी. डी. सी. ३६०० यंत्र आल्यावर तो जुना झाला. मास्तरांची ओसरी काय किंवा राष्ट्राची प्रयोगशाळा काय, 'आतां याचा उपयोग नाहीं' हें वाक्य सर्वत्र सारख्याच सहजपणें उच्चारिलें जातें. वाड्यांतील ज्या रुमालांस घरचे लोक रद्दी समजत होते त्यांतून राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे बावीस खंड काढले हें सर्वांस ठाऊक आहे, आणि तरीही रद्दी कोणती हें वस्तु न उघडतांच ठरविण्याची आमची खोड गेलेली नाहीं. हें आम्ही दुसऱ्यास उद्देशून लिहीत नाहीं, हें पुढें दिसेलच.

यंत्र सुरू झालें. त्यांत नागरी अक्षरें दाखविणारें 'जिस्ट' कार्ड होतें. हें तंत्र कानपूरच्या आय. आय. टी.त जन्मलें आणि पुण्याच्या सी-डॅकमध्यें वाढलें. त्या काळच्या 'इस्की' संकेतांतील मजकूर आज युनिकोडमध्यें आणणें अवघड नाहीं. तेव्हां अक्षरांची चिंता नव्हती. चिंता होती ती बुरशीची. 'शेतांचीं नांवें' या फ्लॉपीवर मास्तरांनीं काय लिहून ठेवलें असावें याची कल्पना चिरंजीवांनीं दिली होती. त्यांचें मूळ गांव मुळशीच्या धरणाखालीं गेलें. १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं झालेला सत्याग्रह वाचकांस ठाऊक आहे. पण बुडालेल्या गांवांतील एकेका शेतास, बांधास, पाणवठ्यास काय म्हणत हें सांगणारीं माणसें हळूहळू संपलीं. मास्तरांनीं म्हाताऱ्यांना विचारून विचारून तीं नांवें टिपलीं होतीं, आणि कागदावरील टिपणें वाळवीनें खाल्लीं होतीं. तेव्हां ही फ्लॉपी एकुलती एक होती. ती तशीच ठेवावी तर बुरशी पसरत राहणार. वाचावी तर एका फेरींत खरवडून जाण्याचें भय. न करणें हें देखील येथें एक करणेंच होतें.

आम्हीं ठरविलें कीं आधीं दुसऱ्या फ्लॉपीवर हात बसवावा. अर्थातच 'रिकामी' निवडली. तिच्यावरही बुरशी होतीच, पण रिकामीस काय भ्यावयाचें, म्हणून धुण्याची खटपट न करतां ती तशीच यंत्रांत घातली. पहिले कांहीं ट्रॅक नीट वाचले गेले. मग डोकें आंत सरकतांच खर्र असा आवाज झाला. बाहेर काढून पाहतों तों तबकडीवर एक कडें उमटलेलें, लेप निघून खालचें पारदर्शक प्लास्टिक दिसूं लागलेलें. एक धडा मिळाला म्हणून आम्ही समाधानानें, सहज, जेवढें वाचलें गेलें होतें तेवढें उघडून पाहिलें. ती रिकामी नव्हती.

येथें थोडें स्पष्टीकरण आवश्यक आहे. डॉस पद्धतींत एखादें लिखाण पुसलें म्हणजे तें नाहींसें होत नाहीं. सूचींतील त्याच्या नांवाचें पहिलें अक्षर काढून त्या जागीं एक खूण केली जाते आणि जागा मोकळी समजली जाते. नवें कांहीं लिहीपर्यंत मूळ मजकूर तसाच राहतो. या सूचींत अशीं सात नांवें होतीं. नागरींत लिहावयाचीं तर '–क्का १', '–क्का २' अशीं सातापर्यंत. सर्वांच्या तारखा १९९४ च्या पावसाळ्यांतील. चिरंजीवांस हें सांगितलें तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "वडील आत्याला आक्का म्हणत. जमिनीच्या मोबदल्यावरून दोघांचें बोलणें बारा वर्षें बंद होतें. आत्या गेली तेव्हांही बंदच होतें."

तीं पत्रें धाडलीं होतीं कीं लिहून पुसलीं होतीं, हें सांगणारा ऐवज त्या कड्याच्या आंत होता.

आमच्या एका तर्कनिष्ठ मित्रांनीं आमचें सांत्वन केलें तें असें: "ज्यानें लिहिलें त्यानेंच पुसलें. चिठ्ठीही त्याच्याच हातची. तुम्ही केवळ त्याची इच्छा पुरी केलीत. आणि तसें न मानलें तरी, एका गेलेल्या घरगुती भांडणाच्या बदल्यांत साऱ्या बुडित गांवांचीं नांवें वांचलीं, हा सौदा वाईट काय?" यांतील पहिल्या युक्तिवादांत तथ्य आहे. पुसलेलें वाचण्याचा अधिकार आम्हांस नव्हता असें आम्हांसही वाटतें, आणि म्हणून पहिल्या पत्राच्या ज्या दोन-चार ओळी त्या वाचलेल्या ट्रॅकांत असण्याचा संभव होता त्या न उघडतांच आम्हीं चिरंजीवांच्या स्वाधीन केल्या. त्यांनीं त्या वाचल्या कीं नाहीं हें आम्हीं विचारलें नाहीं. परंतु न वाचणें वेगळें आणि कोणासही कधींच वाचतां येऊं नये असें करणें वेगळें. तें करण्याचा अधिकार मुलाचा होता, आमचा खचित नव्हता.

दुसरा युक्तिवाद मात्र आम्हांस मुळींच मानवत नाहीं. आणि तो मुळशींत बसून कोणी करावा याचें नवल वाटतें. मुंबईस वीज पाहिजे होती हें खोटें नव्हतें. त्या विजेवर गिरण्या चालल्या, रुळांवरून गाड्या धांवल्या. पण ज्यांनीं हिशेब मांडला त्यांच्या वहींत आमच्या खोऱ्याचा रकाना आधींच भरलेला होता: डोंगराळ, भाताचीं खाचरें, थोडी वस्ती. १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्याखालीं मोबदला ठरला तोही त्याच वहीवरून. मोठ्या हितासाठीं लहान हित सोडावें लागतें हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. कधीं कधीं तें सोडावें लागतेंच. आमची हरकत आहे ती लहान कोणतें हें न उघडतां ठरविण्याला. सौदा करणाऱ्यानें दोन्ही पारड्यांत काय आहे हें पाहिलेलें असावें लागतें. आम्हीं एका पारड्यांत नांवें पाहिलीं आणि दुसऱ्यांत केवळ एक चिठ्ठी. तबकडी आधीं धुवून घेण्यास आणि एक फेरी जपून वाचण्यास आम्हांस फार तर दोन तास लागते.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. 'शेतांचीं नांवें' या फ्लॉपीचें पाकीट एका कडेनें कापून आंतील तबकडी काढली, ऊर्ध्वपातित पाण्यानें व अल्कोहोलनें हलक्या हातानें धुतली, सावलींत वाळविली. मूळ पाकिटास आंतून बुरशी असल्यामुळें ती त्यांत परत घालतां येईना. स्वच्छ पाकीट पाहिजे होतें. धडपणें उघडतां येण्यासारखें, आंतून जवळजवळ कोरें, एकच होतें, आणि तें 'रिकामी'चें. तेंही घेतलें. फ्लॉपी वाचली गेली. दोन सेक्टर सोडून सर्व. आंबेमाळ, म्हसोबाचा तुकडा, वरचें खाचर, अशीं तीनशेंहून अधिक नांवें आतां कागदावर आहेत, आणि वाडींतील एका वृद्ध बाईंनीं तीं वाचून घेतांना तीन ठिकाणीं मास्तरांची चूकही काढली.

आषाढांत चिरंजीव सर्व वस्तु न्यावयास आले. संगणक भंगारांत जाणार नव्हता. तो ओसरीवर ठेवावयाचें ठरलें होतें. आम्हीं त्यांस खरवडलेली तबकडी एका साध्या कागदी लखोट्यांत घालून दिली, आणि चांगली तबकडी तिच्या नव्या पाकिटांत. त्या पाकिटावर 'रिकामी' अशी चिठ्ठी तशीच होती. ती काढून दुसरी लावूं का, असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, "राहूं द्या. अक्षर त्यांचें आहे."