कर्तृत्वाचा तपशील

उच्च माध्यमिक शाळेतून बाहेर पडून शिरढोणची मुले पनवेलच्या महाविद्यालयात दाखल होतात, तेव्हा त्यांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला असतो, आणि त्यातील जन्मतारीख, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण हा सर्व मजकूर दुसऱ्याने भरलेला असतो. परंतु पुढे शिष्यवृत्तीसाठी किंवा एखाद्या उमेदवारीसाठी जेव्हा जीवनवृत्त नव्याने लिहावे लागते, तेव्हा लेखणी स्वतःच्याच हाती येते. आणि आठवीतले वक्तृत्वाचे पारितोषिक ठेवावे की गाळावे, हा वरकरणी व्यवहाराचा दिसणारा प्रश्न, मनुष्य ज्याला 'माझे कर्म' म्हणतो त्यात त्याचे स्वतःचे किती, या प्राचीन प्रश्नाशी जाऊन भिडतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध प्रयत्न आणि पाचवे दैव. आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत ठरविली आहे. या दृष्टीने त्या पारितोषिकाकडे पाहिले, तर भाषण तपासून देणारे गुरुजी, पहाटे उठून डबा करणारी आई, वेळेवर आलेली एस.टी., हे सारे त्यात भागीदार ठरतात. मात्र येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, आणि आपल्याकडील विनयाच्या शिकवणुकीत तो बहुधा निसटतो: गीतेने कर्त्याला यादीतून काढून टाकलेले नाही, पाचांपैकी एक म्हणून त्याला मोजले आहे. म्हणून 'मी काहीच केले नाही' असे म्हणणारा विद्यार्थीही, 'सर्व मीच केले' असे म्हणणाऱ्याइतकाच, असत्य लिहितो.

ज्या शिरढोणच्या मुलांपासून आरंभ केला, त्याच गावात 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. शालेय शिक्षण अर्ध्यावर सोडून पुढे पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी केलेल्या या पुरुषाचे जीवनवृत्त सरकारी दफ्तराच्या शिरस्त्याने लिहिले असते, तर त्यात हुद्दा आणि नोकरीची वर्षे यांपलीकडे काय उरले असते? पुण्यात शाळा उभारण्याच्या कार्यात सहकाऱ्यांसह त्यांनी घेतलेला वाटा त्या रकान्यांत कोठेच बसला नसता. 1879 साली इंग्रज सत्तेविरुद्धच्या आपल्या बंडाच्या धामधुमीत त्यांनी आत्मचरित्र लिहिले, ते कोणाची मर्जी संपादन करण्यासाठी नव्हते. आणि पुण्याच्या खटल्यात तेच लेखन त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले. ज्या शब्दांची किंमत जन्मठेपेने मोजावी लागली, 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या बंदिवासातील मृत्यूने मोजावी लागली, त्या शब्दांच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे धाडस मला होत नाही. अठरा वर्षांच्या मुलाकडून तेवढी किंमत कोणी मागत नाही. मात्र आपल्या नावाखाली लिहिलेल्या ओळीला उद्या आपणच साक्षीदार असू, ही जाणीव त्याच्याकडून जरूर मागता येते.

जुने पारितोषिक गाळल्याने ते कर्म नष्ट होत नाही. त्याचा संस्कार, म्हणजे सभेत निर्भयपणे बोलण्याची शक्ती, उरतोच, आणि नव्या कागदावर खरा अधिकार त्या शक्तीचा आहे. जे आज पुन्हा करून दाखविता येईल ते लिहावे. जे दहाजणांनी मिळून केले तेथे 'आम्ही' लिहून आपला वाटा स्पष्ट नोंदवावा. आणि अर्ज पाठविण्यापूर्वी तो कागद, ज्यांनी आपल्याला ते काम करताना पाहिले अशा गुरुजींना, सहाध्यायांना किंवा घरातल्या माणसांना, अवश्य वाचून दाखवावा.