गुळवेलीचे दोन निकाल

गुळवेलीबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी दोन उलट गोष्टी नोंदवल्या आहेत. केईएम रुग्णालयात १९८९ मध्ये आयुर्वेद संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली. जंतुसंसर्ग कमी होताना दिसला. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी करोनाकाळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला. वनस्पती तरी गुळवेलच होती का, असं विचारलं. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती आली.

मला हे दोन्ही अभ्यास डॉक्टरांनी देशी औषधं तपासून पाहण्याच्या एकाच परंपरेतले वाटतात. ती परंपरा जुनी आहे, पण सलग नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड महारोगावर देशी वनस्पतीचं तेल वापरत होते. मग १९१२ चा मुंबईचा डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला आणि नोंदणीकृत डॉक्टरने वैद्यांशी व्यावसायिक संबंध ठेवणं हा शिस्तभंगाचा विषय होऊ लागला. औषध चालतं की नाही, हा प्रश्न मागे पडला. पाटीवर कोणी काय लिहायचं, हा पुढे आला.

मागे पडलेला प्रश्न डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उचलला. सर्पगंधा वैद्यांना ठाऊक होती, कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलंही होतं. डॉ. वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचे कान टवकारले. तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. काही रुग्णांना त्याने नैराश्य येतं, हेही डॉक्टरांनीच नोंदवलं. क्षारसूत्राचंही, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याचंही, तसंच. भगंदरावरच्या चाचणीत, १९९१ च्या अहवालानुसार, दोऱ्याने जखम भरायला शस्त्रक्रियेच्या दुप्पट वेळ लागला, पण दुखणं उलटण्याचं प्रमाण ११ ऐवजी ४ टक्के राहिलं. आज कित्येक सर्जन त्याचं नाव घेताना कचरत नाहीत.

पण वर्तमानपत्रांत गाजतो तो हक्कांचा तंटा. होमिओपॅथने अ‍ॅलोपॅथीची औषधं देणं हा निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका प्रकरणात १९९६ मध्ये ठरवलं. २०१४ मध्ये महाराष्ट्राने वर्षभराच्या अभ्यासक्रमानंतर होमिओपॅथना तेच करायची मुभा दिली. आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना शस्त्रक्रियांची परवानगी मिळाल्यावर, डिसेंबर २०२० मध्ये, ‘मिक्सोपॅथी’ (उपचारपद्धतींची सरमिसळ) नको म्हणून डॉक्टरांनी संप केला. काळजी खरी होती. मात्र खासगी रुग्णालयांत रात्रपाळीला बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर कमी पगारावर ठेवताना ही काळजी कुठे जाते, हे मालक-डॉक्टरांना विचारायला हवं.

या भांडणात रुग्ण गप्प बसतो. ‘काढा घेतो’ म्हटलं की ओरडा खावा लागेल, म्हणून लपवतो. आणि ‘आयुर्वेदिकच तर आहे, त्याने काय होतंय’ अशी स्वतःची समजूत घालतो. यकृत बिघडल्यावर डॉक्टर कारण शोधत बसतात. तेव्हा डॉक्टरांनो, केसपेपरवर मधुमेह-रक्तदाबाच्या शेजारी काढे, चूर्ण, भस्म यांचीही नोंद करा, आणि ती न रागावता विचारून करा. वाचकहो, तुम्हीही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातली काढ्या-चूर्णाची बाटली पिशवीत टाका.