वजन कोणाचे?

मराठीतला ‘वजन’ हा शब्द मोठा लबाड आहे. गुळाच्या रव्याला वजन असते आणि गावच्या पुढाऱ्यालाही असते. “त्यांच्या शब्दाला वजन आहे,” असे आपण म्हणतो, तेव्हा ते वजन त्या गृहस्थांच्या अंगचेच आहे अशी आपली समजूत असते. पुढे पुढे त्या गृहस्थांचीही तशीच होते. मी शिकलो मॅट्रिकपर्यंत. परंतु वर्गात गुरुत्वाकर्षणाचा धडा आला, की दरवर्षी एक प्रश्न माझा पिच्छा पुरवतो. माणसाचे वजन त्याचे स्वतःचे किती आणि दुसऱ्यांनी दिलेले किती?

आधी गुळाचे पाहू. आमच्या कोल्हापूरच्या बाजारातला तीस किलोचा रवा घ्या. त्यात गूळ किती, हे झाले त्याचे वस्तुमान. पृथ्वी त्याला किती ओढते, हे झाले वजन. ही ओढ काढण्याचा हिशेब न्यूटनने घालून दिला आहे. पृथ्वीचे वस्तुमान गुरुत्वाच्या स्थिरांकाने गुणायचे आणि केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने भागायचे. जमिनीवर उत्तर येते दर किलोमागे सुमारे ९.८ न्यूटन. गंमत अशी, की या हिशेबात गुळाचे नावही नाही! त्या जागी रवा ठेवा, पीस ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका. ओढीचा दर त्या जागेचा आहे आणि तो तिथे आधीपासूनच हजर आहे.

म्हणून जागा बदलली की वजन बदलते. तोच रवा स्प्रिंगच्या काट्याला टांगून आकाशात एक किलोमीटर उंच नेला, तर सुमारे नऊ ग्रॅम कमी भरेल. चंद्रावर तो जेमतेम पाच किलो दिसेल. दोन पारड्यांची तागडी मात्र हे कधीच सांगणार नाही, कारण रव्याबरोबर मापेही तितकीच हलकी होतात. आपणही शेजाऱ्याशी तुलना करूनच स्वतःला जोखतो. मग आपले वजन खुर्चीचे, गावाचे, की घराण्याचे, हे कळावे कसे? खुर्ची गेल्यावरच काटा खरे बोलतो.

यावर स्वाभिमानी माणूस म्हणेल, “वजन राहू द्या. माझ्यातले वस्तुमान तर माझे आहे ना? ते चंद्रावरही घटत नाही. मी स्वतःच्या हिमतीवर मोठा झालो, कुणाचे काही लागत नाही.” सत्कारसमारंभांतून ही भाषा मी पुष्कळदा ऐकली आहे आणि ती नेहमीच खोटी वाटली, असेही नाही. कष्ट ज्याचे त्यालाच करावे लागतात.

परंतु याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या एका माणसाने त्या वस्तुमानालाही हात घातला. जयंत नारळीकर हे त्यांचे नाव. वडील विष्णुपंत नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांचाही विषय सापेक्षतेचाच. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर जयंतरावांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्याचे मूळ एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन विचारवंताच्या कल्पनेत होते. वस्तूचे जडत्व तिचे एकटीचे नव्हे. विश्वातल्या बाकीच्या सगळ्या वस्तूंमुळे ते तिला लाभते. ओस विश्वात एकुलता एक कण असेल, तर त्याला वस्तुमानच नसेल!

हा सिद्धांत शास्त्रज्ञांत सर्वमान्य झाला नाही, हे सांगितलेच पाहिजे. शिवाय विज्ञानातून नीती सरळ निघत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण माणसाच्या बाबतीत मला तो खरा वाटतो. आपली भाषा, अक्षरओळख, भूक लागताच समोर आलेली भाकरी, यांतले आपण स्वतः काय निर्माण केले? आपली हिंमतसुद्धा कुणीतरी पाठीवर ठेवलेल्या हातातून आलेली असते.

मग कर्तृत्वाला अर्थ काय उरला? उलट तो वाढला, असे मी म्हणेन. कारण त्या सिद्धांतात प्रत्येक कण घेतो तसा देतोही. दुसऱ्यांच्या वस्तुमानात त्याचा वाटा असतो. आणि अंतर हे काही सुटकेचे कारण नव्हे. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून जमिनीच्या साठपट दूर आहे. तिथे पृथ्वीची ओढ छत्तीसशेवा हिस्सा उरते. तेवढ्याशा ओढीने तो बांधलेला आहे. दूरदेशी गेलेल्या मुलाने हा हिशेब जरूर करून पाहावा. त्याची वाट पाहणाऱ्या आईबापांनीही.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वहीची पूजा होते. दाराशी आलेल्या पोस्टमनला, कामवाल्या बाईला आपण पोस्त देतो आणि ते मनातल्या मनात उपकाराच्या खाती मांडतो. यंदा ते पान उघडाल, तेव्हा ती रक्कम देण्याच्या बाजूला लिहा. देणे तिथेच आहे, आणि ते पुष्कळ जुने आहे.