कुंपणाच्या आत

डिसेंबर 2002 च्या शेवटच्या दिवसांत झोई नावाचं चक्रीवादळ टिकोपियावर आदळलं. सॉलोमन बेटांच्या पूर्व टोकाला, सगळ्यांपासून दूर पडलेलं हे जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं बेट. काही दिवस संपर्कच नव्हता. बेटावर फारसं कुणी वाचलं नसेल, असं बाहेरच्यांनी जवळजवळ धरूनच टाकलं. मदत पोहोचली तेव्हा घरं भुईसपाट होती, बागा खाऱ्या पाण्यानं करपल्या होत्या, पण माणूस एकही दगावलं नव्हतं. वादळ घोंघावत असताना लोक डोंगरातल्या कपारींच्या आडोशाला जाऊन बसले होते.

अशा दिवसांसाठी टिकोपियात मासी पुरून ठेवतात. नीरफणस सोलायचा, तुकडे करायचे, पानांचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात भरायचे, वर पुन्हा पानं आणि दगड. आत तो आंबतो, त्याचा उग्र वासाचा आंबट लगदा होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. बागही तशीच, पुढचा विचार करून लावलेली. वर माड नि नीरफणस, त्यांच्या सावलीत केळी, पायाशी अळू आणि कोनफळं. कोकणातल्या माणसाला आपल्याच वाडीत आल्यासारखं वाटावं. यात जादू काही नाही. 1952 आणि 1953 मध्ये लागोपाठ वादळं आली तेव्हा या बेटानंही दुष्काळ सोसला, आणि मानवशास्त्रज्ञ रेमंड फर्थ यांनी तो जवळून पाहिला. तरी सुमारे तीन हजार वर्षं एवढ्याशा जमिनीवर माणसं टिकून आहेत, हे लहान काम नव्हे.

बेटावर उत्खनन झालं तेव्हा एक गोष्ट उघड झाली. पहिल्या वसाहतकारांनी जंगल जाळून शेती केली होती. पुढे तिची जागा बागांनी घेतली. आणि साधारण 1600 च्या सुमारास डुकरांची हाडं सापडायची थांबतात. बागा उकरतात म्हणून लोकांनीच डुकरं संपवली, असं बेटावरचे लोक सांगत आले आहेत. काय पेरायचं हे पुष्कळांना ठाऊक असतं. काय पाळायचं नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवणं आणि ते निभावणं, हे मला त्याहून मोठं ज्ञान वाटतं. त्या वेळी कोण काय बोललं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून ती गोष्ट मी माझ्या मनानं सांगतो.

एका म्हातारीची कोनफळांची बाग होती. एका सकाळी जाऊन पाहते तो सगळी आळी उलथलेली. वेल उपटून बाजूला पडलेले, कंद अर्धवट खाल्लेले, दातांच्या खुणांतून अजून चिकट पाणी पाझरत होतं.

नातू म्हणाला, "आजी, कुंपण आणखी उंच करू या."

"डुक्कर उडी मारून येत नाही रे, उकरून येतं. आणि कुंपणासाठी किती झाडं तोडशील? झाडंच गेली तर राखायचं काय?"

तिनं ते उष्टे कंद टोपलीत भरले आणि आरिकीच्या दारात नेऊन ओतले. आरिकी म्हणजे तिथला प्रमुख.

"कुणाचं डुक्कर होतं?" त्यानं विचारलं.

"काल रात्री तुमचं. परवा माझ्या भावाचं."

आरिकी ओशाळला. "पुढच्या जेवणावळीत एक तंगडी तुझ्या घरी पाठवतो."

"पाठवा. पण त्या तंगडीत माझेच कंद असणार. टोपलीभर नेलेत, मूठभर परत येतील."

आरिकीचा भाऊ तिथंच बसला होता. तो उसळला. "डुकरं नसतील तर लग्नात, मयतात पानात वाढायचं काय? आपल्याला विचारणार कोण?"

प्रश्न खोटा नव्हता. ज्याच्या दारात डुकरं जास्त, त्याचा मान मोठा. म्हातारी त्यावर इतकंच म्हणाली, "कुंपण समुद्रानं कधीच घालून ठेवलंय. आपण, आपल्या बागा आणि ही डुकरं, सगळे त्याच्या आत आहोत. तिघांना पुरेल एवढं आत पिकत नाही."

आरिकीनं त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पुढचे काही दिवस तो बेटभर हिंडला, एकेका बागेत उकिडवा बसून माती हातात घेऊन पाहत राहिला. मग एका पहाटे त्यानं आपली सगळी डुकरं मारली आणि बेटाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर नियम सांगितला, आधी नाही. मग एकेका घरानं आपापली डुकरं आणली. कुणी कुरकुरत, कुणी डोंगरात लपवून पाहून.

शेवटी एका गड्याची एकच डुकरीण उरली. त्याच्याकडे ना मोठी बाग, ना माड. तरण्या पोरांनी त्याच्या खोपटाला वेढा घातला. तो दारात आडवा उभा राहिला आणि थेट आरिकीला म्हणाला, "तुमची इतकी गेली, तरी तुमच्याकडे झाडं आहेत. माझ्याकडे ही एवढीच आहे."

पोरं पुढे सरसावली. आरिकीनं त्यांना हातानं मागे केलं. "तो खरं बोलतोय," तो म्हणाला. "माझ्या बागेतले दोन फळते नीरफणस आजपासून याचे. आणि माझ्या मासीच्या खड्ड्यात याचा वाटा."

"दोन कसे?" मागून म्हातारी म्हणाली. "डुकरीण गाभण आहे."

आरिकीनं तीन दिले.